मे महिन्यात माळावर मुक्काम: दुपारचे अकरा ते पाच कसे काढायचे?

सात_रस्ता
मंडळी, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सहा जणांचा दोन रात्रींचा मुक्काम ठरतोय. जागा सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडे, ओळखीतलं मुरमाड रान. माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे आणि मालकाची परवानगी घेतली आहे. सकाळ-संध्याकाळ माळावर फिरायचं, पक्षी बघायचे, काळवीट दिसले तर उत्तम. विहिरीला वापरायचं पाणी आहे, पिण्याचं न्यावं लागेल. बांधावर दोन बाभळी आणि एक लहानसा कडुनिंब. तिघा-तिघांचे दोन तंबू आहेत.

प्रश्न दुपारचा. पारा ४२-४३ असताना अकरा ते पाच नुसतं तगून राहायचं नाही, नीट आराम व्हायला हवा, नाहीतर संध्याकाळी कुणी उठायचं नाही. हे जमलं तर पुढे जैसलमेरकडच्या वाळवंटातही जायचा विचार आहे. "दुपारी घरी या, कूलर लावा" हा सल्ला कृपया नको.

गड्डा
दोन बाभळी म्हणजे सावली कमी अन् काटे जास्त. घरी या, कूलर लावा बे.

माळावरचा
तंबू दुपारसाठी विसरा. पॉलिस्टरचा तंबू उन्हात बंद केला की आतली हवा बाहेरच्यापेक्षा सहज ८-१० अंश जास्त तापते, आणि वारा अडतो तो वेगळाच. कोरड्या उन्हाळ्यात वारा अडवलात की खेळ संपला. तंबू रात्री वापरा, तोही वरचं आवरण काढून, नुसती जाळी ठेवून.

दुपारी अंगाला उष्णता चार वाटांनी येते: वरून ऊन, खालून तापलेली जमीन, बाजूने गरम हवा, आणि डोक्यावरचं छत तापलं की त्याची धग. ही चौथी वाट लोक विसरतात. निळी किंवा चंदेरी ताडपत्री एकेरी ताणली की ऊन थांबतं, पण तासाभरात तिच्याखाली बसवत नाही, कारण तीच तव्यासारखी धग मारायला लागते. म्हणून छत दुहेरी हवं आणि दोन थरांत हवा खेळायला फूटभर मोकळी जागा हवी. वरचा थर तापतो, मधली हवा ती उष्णता घेऊन निघून जाते, खालचा थर त्या मानाने थंड राहतो.

सहा जणांसाठी असं करा:

वरचा थर ९० टक्के ऊन अडवणारं शेडनेट, २० बाय १५ फूट. खालचा थर पांढरं मांजरपाट, साधारण तेवढंच. २० फुटांची बाजू दक्षिणोत्तर. पूर्वेच्या कडेला साडेसहा-सात फुटांचे तीन बांबू, पश्चिमेच्या कडेला तीन-साडेतीन फुटांचे तीन. म्हणजे छत पश्चिमेकडे उतरतं. खालचं कापड त्याच बांबूंना फूटभर खाली दोरी बांधून ताणायचं, झोळ पडू द्यायचा नाही. झोळ पडला की दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि दुहेरी छताचा उपयोग संपतो. पश्चिमेला ते खाली फार बुटकं होतं, तिथे सामान आणि पाणी ठेवा.

उतार पश्चिमेला का? आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावरून जातो (शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो), आणि सोलापुरात सूर्याची खरी दुपार घड्याळात १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास होते. तेव्हा सावली छताच्या बरोबर खाली. पण ३ वाजता ६ फूट उंच छताची सावली साडेचार फूट पूर्वेला सरकते आणि ४ वाजता साडेसात फूट. सगळीकडून सारखं उंच छत असेल तर चार वाजता निम्मी माणसं उन्हात. पश्चिमेची कड तीन फुटांवर आणली की तिची सावली चार वाजताही पावणेचार फुटांच्या आसपासच सरकते. खाटा पश्चिमेच्या कडेपासून पाच फूट सोडून, पूर्वेकडच्या भागात लावा. अकरा ते चार कुणाला हलावं लागणार नाही. चारनंतर मात्र पश्चिमेला एखादी चादर लोंबती सोडावी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: छत सकाळी सात-साडेसातच्या आत उभं राहिलं पाहिजे. जमीन रात्री निवलेली असते. ऊन लागायच्या आधी झाकली तर दुपारपर्यंत बरीच गार राहते. दहा वाजता छत बांधायला घेतलं तर सावली मिळते, पण खालची जमीन आधीच तापलेली असते आणि बांधणाऱ्यांचा लिटरभर घाम गेलेला असतो.

काळं_रान
वरचं सगळं पटलं, पण खुंट्यांचं काय? मुरमात लाकडी खुंटी जात नाही आणि तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काड्या पहिल्याच घावाला वाकतात. १२ मिलिमीटरची लोखंडी सळई, दीड फुटाचे तुकडे, एका बाजूला टोक काढून घ्यायचं. कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. डझनभर न्या, सोबत दोन किलोचा हातोडा. सळई छतापासून बाहेरच्या बाजूला कलती ठोका आणि दोरी जमिनीलगत बांधा. वर राहिलेल्या टोकावर प्लॅस्टिकची बाटली उपडी घाला, अंधारात पोटरी फाटते.

शेजारच्या काळ्या रानात चुकूनही छत लावू नका. मेमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. सळई आत जाते, पण धरत नाही. आणि भेगांमध्ये कोण वस्तीला आहे ते सांगता येत नाही.

दोरी नायलॉनची. सुतळी वाऱ्याने घासून दुपारपर्यंत तुटते. रोपवाटिकेतलं ५० टक्क्यांचं नेट स्वस्तात मिळतं म्हणून उचलू नका, त्यातून निम्मं ऊन खाली येतं. डाळिंबावर घालतात ते पांढरं क्रॉप कव्हरही एकट्याने कामाचं नाही, त्यातून तर उजेड जवळजवळ सगळाच येतो.

सात_रस्ता
@माळावरचा, खाटा कशाला? चटई आणि सतरंजी चालणार नाही? सहा खाटा गाडीत मावायच्या नाहीत.

माळावरचा
उन्हातली उघडी जमीन दुपारी ६० अंशांच्या आसपास जाते. सावलीतली तेवढी नाही, पण भोवतालच्या तापलेल्या जमिनीलगतची हवा वाऱ्याबरोबर सरपटत आत येते. दीड फूट वर गेलात की फरक कळतो. दुसरं म्हणजे खाटेला खालूनही वारा लागतो आणि पाठीचा घाम सुकतो. फोमच्या चटईवर पाठ चिंब राहते, घाम सुकतच नाही आणि जो घाम सुकत नाही तो अंग गार करत नाही, नुसता वाया जातो. घडीच्या कॅम्प खाटा मिळतात, त्या पिशवीत मावतात. शेतावर बाजा असतील तर सगळ्यात झकास. काथ्याची विणलेली बाज यासाठी कुठल्याही महागड्या खाटेला ऐकत नाही. वर जाड गादी टाकून तिचा गुण घालवू नका, एक पातळ सुती चादर पुरे. तीन खाटा मिळाल्या तर आळीपाळीने झोपा.

गड्डा
झाडाखालीच बाज टाकली तर एवढा खटाटोप कशाला? आमचे आजोबा काय शेडनेट लावायचे?

काळं_रान
मोठी चिंच, वड किंवा डेरेदार कडुनिंब असेल तर खटाटोप नकोच. पानातून बाष्प जात असतं, त्यामुळे पान छतासारखं तापत नाही. दाट झाडाची सावली कापडापेक्षा केव्हाही सरस. पण धाग्यात लिहिलंय ते झाड लहान आहे. बाभळीची सावली चाळणीसारखी, खाली काटे, आणि वेडी बाभूळ असेल तर तिचा काटा चपलेतून आरपार जातो. झाडाखाली बसणारच असाल तर आधी खालचा पाला काठीने ओढून काढा, हाताने नाही. दगड पालथे करायचे तेही काठीनेच. या भागात फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत, दुपारी त्यांनाही सावलीच हवी असते. बूट खाटेखाली ठेवू नका, खुंटीला उलटे टांगा आणि घालताना झटका.

स्टेथो
आता शरीराकडे येऊ. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की वारा अंगातली उष्णता काढत नाही, उलट आत घालतो. मग अंग गार करायला एकच मार्ग उरतो, घाम सुकणे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे घाम फुकट घालवायचा नाही आणि शक्य तिथे घामाच्या जागी विहिरीचं पाणी वापरायचं.

त्यामुळे बनियनवर किंवा उघड्याने बसू नका. सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला आणि तोच भिजवा. डोक्याला, मानेला ओला पंचा. इथे एक गंमत आहे. सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल ओला करून अंगावर घेतला तर पहिली पाच मिनिटं स्वर्ग, नंतर तो अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि वारा अडवून ठेवतो. अंगावर पातळ पंचाच हवा. टॉवेल पायपुसण्याला ठेवा.

गड्डा
@स्टेथो, सोलापुरात बसून टॉवेलला नावं ठेवता? 😀

माळावरचा
टॉवेलला काम देऊ. दोन मोठे टॉवेल किंवा चादरी पश्चिमेच्या बाजूला दोरीवर टांगा आणि ओले ठेवा. दुपारचा वारा आपल्याकडे बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो. वाळ्याच्या ताटीचंच हे गरिबाचं रूप. पण सगळी बाजू बंद करू नका, एक टॉवेल आणि हातभर फट, मग दुसरा टॉवेल असं ठेवा. ५ बाय ४ फुटांचं कापड अशा कोरड्या वाऱ्यात तासाला दोन-अडीच लिटर पाणी सहज उडवतं. दोन कापडं, पाच तास म्हणजे २०-२५ लिटर. विहीर आहे म्हणून हा थाट परवडतो. पाणी डोक्यावरून आणायचं असेल तर ताटी सोडा, आधी अंगावरचा शर्ट भिजवा. तेवढ्याच पाण्यात फायदा जास्त.

हे सगळं हवा कोरडी आहे तोवरच. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाला हवा २५ अंशांपर्यंत खाली ओढू शकते. जूनच्या सुरुवातीला ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असते तेव्हा तोच आकडा २९. आकड्यात पारा कमी, पण ओलं कापड लावून उपयोग अर्धाही नाही. ज्या दिवशी दुपारी ढग भरून येतात आणि चिकचिक सुरू होते त्या दिवशी ताटी गुंडाळून ठेवा, नुसता वारा येऊ द्या.

सात_रस्ता
पिण्याचं पाणी किती धरू? आणि ते गार कसं ठेवायचं? बर्फ तर दुपारपर्यंत संपणार.

स्टेथो
सावलीत पडून राहिलं तरी अशा दिवसात ताशी ४००-५०० मिलिलिटर जातं, चालताना लिटरभर. सकाळ-संध्याकाळची भटकंती धरून माणशी दिवसाला ८ लिटर पिण्याचे. सहा जण, दोन दिवस म्हणजे ९६. १०० लिटर धरून चाला. शिवाय २० लिटरचा एक कॅन वेगळा, त्याला कुणी हात लावायचा नाही. तो कशासाठी ते खाली सांगतो.

एका दमात लिटर-लिटर ढोसू नका. दर २० मिनिटांनी एक पेला. ताशी दीड लिटरच्या वर कधीच नाही. घामाच्या एका लिटरमधून १ ते ३ ग्रॅम मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. ओळखायची खूण: लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होतेय, तरी डोकं धरलंय, तर पाणी थांबवा आणि खारट काहीतरी खायला द्या. लघवी गडद पिवळी असेल तर उलट, पाणी कमी पडतंय.

ओआरएसची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करू नका. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जेवत असाल तर दिवसभर ओआरएसच पीत बसायची गरज नाही. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या उन्हाचा त्रास वाढवतात.

काळं_रान
जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, मीठ घातलेलं ताक. हे सगळं खास उन्हाळ्यासाठीच केल्यासारखं आहे: कडक भाकरी विटत नाही, चटणीत मीठ आहे, चूल पेटवायची नाही. ताक सकाळचं दुपारी एकच्या आत संपवा. माळावर चूल मुळीच नको, मेमधलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वारा त्याला बांधावर थांबू देत नाही. गाडी चालू ठेवून एसीत बसणाऱ्यांनाही हेच: वाळल्या गवतावर उभ्या गाडीचा तापलेला सायलेन्सर आग लावतो. उघड्या जमिनीवर लावा.

पाण्याला माठ न्या, गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा, वाऱ्याच्या वाटेवर पण सावलीत. माठ फुटायची भीती असेल तर कॅनव्हासची छागल (पाण्याची पिशवी). प्लॅस्टिकच्या बाटलीवर ओला मोजा चढवून टांगला तरी पाणी पिण्यासारखं राहतं.

गड्डा
खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे कुणीच कसं लिहिलं नाही?

स्टेथो
खिशात ठेवून काही होत नाही. भाकरीबरोबर खा.

वरच्या २० लिटरचं आता. उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर आणि डोक्यावर परिणाम. असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, झटके, बेशुद्धी. घाम आलेला असला तरी उष्माघात असू शकतो, "अंग कोरडं पडेल तेव्हा बघू" म्हणून वाट बघू नका. एक जण १०८ ला फोन करील, बाकीचे त्याच मिनिटाला काम सुरू करतील: सावलीत घ्या, जास्तीचे कपडे काढा, राखून ठेवलेलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा आणि दोघांनी चादरीने जोरात वारा घाला. थांबायचं नाही. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाण्याचा थेंब नाही, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा तापाचा ताप नव्हे. गोळीने उतरत नाही. आधी गार करणं, मग नेणं.

नुसता थकवा, गरगरणं, पायात गोळे असतील आणि माणूस नीट बोलत असेल तर आडवं करा, पाय थोडे वर, ओआरएस, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत १०-१५ मिनिटं. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा बोलणं बिघडलं तर वरचं सगळं.

म्हणूनच सहाच्या सहा जण एकदम गाढ झोपू नका. एक जण जागा, तासातासाने पाळी बदला. दर तासाला झोपलेल्यांना उठवून एक पेला पाणी द्या आणि काहीतरी विचारा. नीट उत्तर देऊन शिव्या घातल्या तर तब्येत ठीक. दारू आदल्या रात्रीही नको. आणि एसीत बसून काम करणाऱ्यांनी आधीचे ८-१० दिवस रोज तासभर उन्हात चालायची सवय करा. अंगाला ऊन सोसायला शिकायला तेवढा वेळ लागतोच.

वायव्य
जैसलमेरचं मी लिहितो. तिथे मेमध्ये जाऊच नका. १९ मे २०१६ ला फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, तो त्याच मुलखातला आकडा आहे. तंबूंचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पण ऑक्टोबर आणि मार्चच्या दुपारीही ऊन चांगलंच भाजतं, तेव्हा हीच मांडणी लागते, थोडे फरक करून.

सूर्य तिथे डोक्यावर कधीच येत नाही. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. ऊन कायम दक्षिणेकडून कलतं, म्हणून छताची दक्षिणेची बाजूही खाली हवी. घड्याळही आपल्यापेक्षा वीस मिनिटं मागे, भर दुपार पाऊणच्या सुमारास, त्यामुळे संध्याकाळचं ऊनही जास्त वेळ टिकतं.

वाळूत सळई धरत नाही. पोत्यात किंवा पिशवीत वाळू भरा, दोरी तिच्या मध्याला बांधा, दोन फूट खोल पुरा आणि वर वाळू दाबून तुडवा. टेकडीच्या माथ्यावर वारा छान लागतो पण वाळूही तोंडात येते; दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात वारा नाही. मधल्या उतारावर, वाऱ्याकडच्या बाजूला बसा. दीड फूट वाळू उकरली की खाली गार लागते हे खरं, पण उकरायचं पहाटे. दुपारी उकरलीत तर जेवढं गार मिळालं त्याहून जास्त घामात गेलं. खेजडी दिसली तर तिथेच थांबा, आपल्याकडची शमी तीच.

सात_रस्ता
भरपूर मिळालं. शेवटचा प्रश्न, वळवाचं काय? त्या दिवसात चारनंतर कधीही येतो.

माळावरचा
बरं विचारलंत, छत उडतं ते तेव्हाच. वायव्येकडे किंवा दक्षिणेकडे ढग काळे होऊन वारा एकदम पडला की पुढच्या पंधरा मिनिटांत धुळीचा लोट येतो असं धरून चाला. वारा पडताच छत खाली घ्या. म्हणून गाठी सुरगाठीच्या हव्यात, एका ओढीत सुटणाऱ्या. क्रम असा: आधी पश्चिमेच्या दोऱ्या सोडा म्हणजे छत वाऱ्याखाली लोळतं, आधी पूर्वेच्या सोडल्या तर वारा आत शिरून शीड भरतं आणि बांबू अंगावर येतात. छत गुंडाळून त्यावर दगड ठेवा.

गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नाही, बांबूंजवळ नाही, काचा लावून गाडीत बसा, आतल्या धातूला हात न लावता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. दुपारची छोटी वावटळ वेगळी. ती येताना दिसते, तेव्हा दोघांनी पूर्वेचे बांबू धरून उभं राहिलं तरी भागतं.

वळीव आला नाही तरी सूर्य मावळला की छत काढायचंच. मुरूम आणि खडक मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. वर कापड असेल तर ती खालीच कोंडते. रात्री बाज उघड्या आभाळाखाली, वर फक्त मच्छरदाणी. नेट आणि मांजरपाट घडी करून उशाशी ठेवा, पहाटे साडेपाचला पुन्हा बांधायचंय.

काळं_रान
आणि विहिरीवर पाणी काढायला जाणार तो सकाळी आठच्या आत जाईल. बारा वाजता रहाटाला हात लावायला सांगाल तर कुणी मित्र राहणार नाही लका.